बोर्डोच्या मुलखात माळकरी

परंड्याच्या माणसाचा नदीशी संबंध येतो तो ओलांडण्यापुरता. सीना आमच्या तालुक्याच्या अंगाअंगानं जाते, पण तिच्यातून, तिच्या लांबीनं, ती नेईल तिकडं निघावं असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नाही. यायला आधी पात्रात पाणी तर हवं! पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर सीना म्हणजे वाळू, वेड्या बाभळी आणि मधूनच एखादा डोह, ज्यात म्हशी अशा बसलेल्या असतात, जणू कोर्टाची तारीख पुढं गेली आहे आणि आता कशाचीच घाई उरलेली नाही. सीना-कोळेगावचं धरण झाल्यापासून क्षितिजाला एक निळी रेघ दिसते, तीही पाऊस मनासारखा झाला तर. फ्रान्समध्ये तुलूजला विमानाच्या कारखान्यात नोकरीला असलेली भाची फोनवर म्हणाली, "मामा, आई-अण्णांना घेऊन या, आपण नदीतून बोटीनं द्राक्षांचा मुलूख बघू," तेव्हा दाजींनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, एवढंच विचारलं, की बोट कुठून कुठं जाते. बोर्डोहून निघते, काठची गावं दाखवते आणि बोर्डोलाच आणून सोडते, असं कळल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. पैठणहून निघालेली नाथांची पालखी परंड्यावरून पंढरपूरला जाते; दरवर्षी दाजी आमच्याकडं मुक्कामाला येऊन तिच्यात सामील होतात. चालायचं ते कुठंतरी पोचायला, हा त्यांचा हिशेब. "जिथनं निघायचं तिथंच यायचं, तर मग उठायचं कशाला?" ते म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर पर्यटनाच्या एकाही माहितीपत्रकात मला अजून सापडलेलं नाही.

दाजींची बाग वैरागच्या पुढं, बार्शी तालुक्यात. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' नावाचं लांबट मण्याचं द्राक्ष काढलं, त्या वाणाची जुनी बाग त्यांनी वर्षानुवर्षं जपलेली. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात हरिपाठ आणि खिशात छाटणीची कात्री. ही शेवटची वस्तू विमानतळावर काढून ठेवावी लागली, तेव्हा त्यांचा चेहरा जानवं उतरवून घेतलेल्या भटजीसारखा झाला. साल २०२४, महिना मे. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, खरड छाटणी उरकलेली आणि बोअरचा पंप थोड्याच वेळात उचक्या द्यायला लागायचा. फ्रान्सला पोचल्यावरही रोज पहाटे उठून दाजी गड्याला फोन लावत आणि पाणी किती वेळ चाललं ते विचारत. मग बोटीच्या खिडकीबाहेर, डोळ्यांत मावणार नाही इतक्या पाण्याकडं, जरा रागानंच बघत.

गारोन नदी दिसायला मात्र आपली वाटली. आम्ही निळ्याशार पाण्याची तयारी करून गेलो होतो, तर ती निघाली पहिल्या पावसातल्या सीनेसारखी गढूळ. फरक एवढाच, की ही नदी दिवसातून दोनदा उलटी फिरते. समुद्र तिथून बराच लांब, तरी भरतीचं पाणी बोर्डो शहराच्या वरपर्यंत चढतं. कठड्याशी उभे राहून दाजींनी एक फांदी खाली वाहत गेलेली पाहिली होती. दुपारी तसलीच एक फांदी वर चाललेली दिसली, तेव्हा त्यांनी मला हाक मारून साक्षीला बोलावलं. आक्का, माझी बहीण, मात्र जराही चकित झाली नाही. "जाती की. माहेराची सय आली असंल," म्हणाली आणि पुन्हा विणकामाकडं वळली. बोटीचं सगळं वेळापत्रक या येण्याजाण्यावर बेतलेलं असतं. पुढं गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळतात आणि तिथून दोघींचंही नाव संपून झिरोंद नावाची, समुद्राएवढ्या मनाची खाडी सुरू होते. आमची सीना हत्तरसंग-कुडलपाशी भीमेला मिळते. १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे ते ठिकाण. पण तिथं नाव जातं ते एकट्या सीनेचं; भीमा भीमाच राहते. दोघींनी सारखंच सोडायचं, ही फ्रेंच तडजोड मला आवडली. आमच्या भावकीत एकदा सुचवून बघायला हवी.

ब्लाय नावाच्या गावी वोबां या सेनापतीनं सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. तिथं खाडी इतकी रुंद, की या काठच्या तोफेचा गोळा त्या काठाला पोचेना. मग मधल्या बेटावर एक बुरूज आणि पलीकडं आणखी एक किल्ला, असा तीन ठिकाणी मिळून नदीला पहारा बसवला. परंड्याच्या माणसाला किल्ला दाखवताना जरा जपून दाखवावा. मुलूख मैदान तोफ विजापूरला जाऊन प्रसिद्ध झाली, पण त्याआधी ती आमच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली इथून ओढून नेली, हे आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. मी वोबांचा बुरूज बघताना मनातल्या मनात तिचं तोंड त्या काठाकडं वळवून पाहिलं. पोचली असती, असं आपलं मला वाटतं.

अडचण झाली ती दिवेलागणीची. हरिपाठ म्हणायचा तो तिन्हीसांजेला, आणि मे महिन्याच्या अखेरीस तिकडं सूर्य रात्री साडेनऊपर्यंत हलायला तयार नसतो. जेवणाची घंटा व्हायची, माणसं चांगले कपडे घालून बसायची, आणि आमचे दाजी डेकवर खुर्ची टाकून, मावळतीकडं डोळे लावून, पैसे बुडवलेल्या कुळाकडं तगाद्याला गेलेल्या माणसासारखे चिकाटीनं बसून राहायचे. सूर्यही लोचट. उतरतो उतरतो म्हणायचा आणि पॉप्लरच्या शेंड्यावर अडकून राहायचा. एकदाचा तो गेला, की झिरोंदच्या अंधुक पाण्यावर ज्ञानोबांचे शब्द हळू आवाजात निघत. वाढप्याला दोनच दिवसांत सवय झाली. तो दाजींचं ताट झाकून ठेवायला लागला.

मेदोक म्हणतात त्या पट्ट्यात पोयाकच्या धक्क्यावर उतरलो आणि वेली दिसल्या. पहिल्यांदा मला त्या वेली वाटल्याच नाहीत. आपल्याकडं द्राक्ष म्हणजे मांडव; आत शिरायचं ते मान लववून, डोक्यावर हिरवं छत आणि त्यातून लोंबणारे घड. इथं वेली गुडघ्या-मांडीएवढ्या, दाटीवाटीनं ओळीत उभ्या. आपण नऊ बाय पाचावर एकरी हजाराच्या आत वेली लावतो; इथं हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चारेक हजार. दाजींनी विचारलं, ठिबक कुठंय? भाचीनं वाटाड्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. पाटानं? नाही. या नावाजलेल्या पट्ट्यांत वाढत्या वेलीला पाणी देणं सहसा नियमातच बसत नाही. वेलीनं जरा सोसावं, मुळं खोल जावीत, मणी लहान राहावा, रस घट्ट व्हावा, अशी त्यामागची समजूत. वर हेक्टरी किती उत्पन्न घ्यायचं यालाही मर्यादा. जास्त पिकवलं तर त्या गावाचं नाव लावता येत नाही. एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या आणि मे महिन्यात टँकरनं बाग जगवणाऱ्या माणसानं हे सगळं ऐकून घेतलं. मुद्दाम तहानलेलं ठेवून जर माल चांगला होत असेल, तर मराठवाड्याचा माल आजवर जगात पहिल्या नंबरानं जायला हवा होता. दाजी तोंडानं काही बोलले नाहीत. मावळत्या सूर्याकडं बघायचे तसं त्या बाईंकडं बघत राहिले.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या फर्मानावरून इथल्या दलालांनी बागांची प्रतवारी लावली. कुणाचा माल किती भावानं जातो त्यावरून पहिली प्रत, दुसरी प्रत, अशी पाचवीपर्यंत. ती यादी आजही चालते. मुतों रॉथशिल्ड ही बाग १९७३ मध्ये दुसरीतून पहिलीत चढली, तो एवढा मोठा प्रसंग की त्याबद्दल अजून बोलतात. आमच्या तलाठ्याच्या एका दुपारचे फेरफार या यादीच्या सगळ्या इतिहासापेक्षा जास्त भरतील.

मग तळघर, ओकची पिंपं, काळोखातली थंडाई आणि चव घेण्याचा सोहळा. पेला फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात टाकून द्यायचा. आक्कानं हे शांतपणे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चूळ भरायला एवढी महागाची?" वाटाड्या बाई सांगत होत्या, यात काळ्या मनुका आहेत, देवदाराचं लाकूड आहे, चामड्याचा वास आहे. दाजींनी पेला हातात घेतला, माळ सावरली, नुसता एकदा हुंगला आणि निकाल दिला: "द्राक्षं आंबलीत." हे चुकीचं होतं असं कुणाला म्हणता येईना. त्यांच्यासाठी साधा द्राक्षाचा रस आला. मी काय घेतलं ते इथं लिहायचं कारण नाही, आक्का वाचते.

माळ आणि मद्य यांचा प्रश्न दाजींना नवा नव्हता. २००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क निघाले, पुढं आमच्या शेजारच्या अकलूजला इटलीच्या भावांना भागीदार घेऊन वाइनरी उभी राहिली. त्या भराच्या काळात दाजींनीही थोड्या रानात वाइनची द्राक्षं लावली होती. कीर्तनाला आलेल्या एका बुवांनी ओसरीवर चहा पिताना टोकलं, की माळकऱ्यानं हे करावं का? दाजी म्हणाले होते, "महाराज, उसाची मळी कुठं जाती, ते कुठल्या ऊसवाल्याला विचारलंय का?" बुवांचा स्वतःचा ऊस कारखान्याला जात होता, विषय तिथंच मिटला. वाइनच्या द्राक्षांचा भाव पडला, ठरलेला घेणारा आलाच नाही, आणि एका उन्हाळ्यात दाजींनी त्या वेली मुळासकट काढल्या.

चव घेऊन आम्ही बाहेर आलो, तर पलीकडच्या धुऱ्यावर ट्रॅक्टरला फवाऱ्याचं यंत्र लावलेलं. त्या वसंतात बोर्डोला पावसानं झोडपलं होतं आणि डाऊनी या वेलीवरच्या रोगानं सगळे हैराण होते. पानावर वाळलेला निळसर थर दिसला आणि दाजी असे खुलले, की जणू परगावच्या जत्रेत शेजारी भेटावा. बोर्डो मिश्रण! शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पिंप प्लॅस्टिकचं, धातूचं चालत नाही. मोरचुदाचं निळं पाणी एकीकडं, चुन्याचं दुधाळ पाणी दुसरीकडं, दोन्ही एकत्र ओतत बांबूनं ढवळायचं, की पिंपात आभाळ उतरतं. मग विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, अजून घाला. पातं जसंच्या तसं राहिलं तर खुशाल फवारा. ही सगळी कृती दाजींनी त्या धुऱ्यावर हातवाऱ्यांनी करून दाखवली. नसलेलं पिंप ढवळलं, नसलेला विळा बुडवून उन्हात धरला, डोळे बारीक करून पाहिला. ट्रॅक्टरजवळच्या म्हाताऱ्या कामगारानं आधी आश्चर्यानं, मग ओळखीनं मान हलवली आणि खिशातला चाकू काढून तसाच उन्हात धरला. दोघांत एकही शब्द सामाईक नव्हता. त्या गृहस्थांना दाजींनी मग वेलीच्या बुडाकडं बोट करून विचारलं, "डॉगरीज?"

तो म्हातारा खाली बसला, दाजीही बसले. त्यानं बोटांनी माती उकरली. कलमाची गाठ वर आली, जुन्या सांध्यासारखी फुगलेली. "रिपारिया," तो म्हणाला. खुंटाचं नाव. दाजींनी मला समजावलं, म्हणजे वर वेल यांची, खाली मूळ परकं, आपल्यासारखंच. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या इवल्याशा किडीनं फ्रान्सच्या बागांची मुळं खाल्ली. कीड अमेरिकेतून आलेली. तिला दाद न देणारी रानवेलही अमेरिकेतच सापडली. तिच्यावर फ्रेंच डोळे बांधले आणि बागा वाचल्या. आमच्याकडं दुष्काळी, खारवट जमिनीत चालतो तो डॉगरीज खुंटही मूळचा टेक्सासच्या रानचा. आणि त्या खुंटांची ने-आण करणाऱ्या बोटींतूनच डाऊनी युरोपात शिरला, असं मानतात. पाव्हण्यानं घर वाचवलं आणि जाताना आपला खोकला ठेवून गेला.

त्या डाऊनीवरचं औषध कसं सापडलं ते ऐकून मात्र दाजींना राहवेना. १८८२ सालची गोष्ट, याच मेदोकमधल्या सँ ज्युलियांची. अलेक्सी मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक ब्योकायू बागेच्या कडेनं चालले होते. सगळ्या वेलींची पानं झडलेली, रस्त्याकडच्या ओळी तेवढ्या हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, की येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. निळं, विषारी दिसलं की कुणी हात लावत नाही. चोरांसाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली. प्राध्यापकांनी प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रणाची रीत जगापुढं ठेवली. "म्हंजी वाटसरांच्या उपकारानं!" दाजी म्हणाले. त्यांच्याही बागेच्या डांबरीकडच्या अंगाला 'औषध फवारले आहे' अशी पाटी बारा महिने असते.

मला त्या निळ्या पुटाची लहानपणची भीती आठवली. बार्शीला भगवंताच्या दर्शनाला आई घेऊन जायची, आणि परतताना एका नातलगांच्या बागेवर थांबणं व्हायचं. घड हातात यायचा तो निळसर राखेत लोळल्यासारखा. आई एकेक मणी पदराला पुसायची, आमच्या तोंडात घालायची, आणि स्वतः खायची नाही. म्हणायची, मला आंबट लागतात. सोनाका आंबट नसतं. पदरावरचे ते फिके निळे डाग कितीही धुतले तरी जात नसत, आणि परंड्याच्या घरी ती साडी दोरीवर वाळत असली की कळायचं, ही द्राक्षाला नेसायची साडी.

पुढच्या दिवसांत बोट दोर्दोन्यनं लिबुर्नकडं गेली. वाटेत एका उतारावर उपटलेल्या वेलींचे ढीग दिसले. काळे, पिळवटलेले बुंधे, मुळं वर. फ्रान्समध्येच वाइन पिणं कमी होत चाललंय, माल पडून राहतो, म्हणून बोर्डोच्या भागात सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा काढायची योजना सरकारनं आणली होती. यादीतल्या पहिल्या प्रतीच्या बागांना त्याची झळ नाही. ज्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत त्यांच्या या वेली. डेकवरचे बाकीचे प्रवासी पलीकडच्या काठावरचा वाडा टिपत होते. दाजी मात्र टोपी हातात घेऊन, तो उतार दिसेनासा होईपर्यंत या बाजूला उभे राहिले. "किती वर्षांची असंल बाग?" एवढंच त्यांनी विचारलं. वेल काढताना बुंधा जमिनीतून सुटतो तेव्हा आवाज येतो, तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला भाषांतर लागत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२५च्या सप्टेंबरात, सीनेनं आमच्या तालुक्याला कधी न पाहिलेला पूर दाखवला. माणसं पाण्यात अडकली, हेलिकॉप्टर आलं, बचावाच्या बोटी आल्या. रानातली माती पिकासकट गेली. दाजींचा फोन आला तेव्हा सगळे सुखरूप असल्याचं कळल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, आता परंड्यात बी बोट चालती म्हणायची." आम्ही दोघंही हसलो, आणि मग कुणालाच पुढं काय बोलावं ते सुचेना.

पण बोर्डोचं शेवटचं गाव सांगायचं राहिलं. काडियाकहून आम्हाला सोतेर्नला नेलं. तिथं सिरों नावाची थंड पाण्याची नदी गारोनच्या उबदार पाण्याला मिळते. शरदात पहाटे धुकं दाटतं, दुपारी ऊन पडतं, आणि त्या ओल्या-सुक्यात घडांवर करडी बुरशी धरते. मणी सुकतो, सुरकुततो, केसाळ होतो. असा एकेक मणी बघून, पुन्हा पुन्हा बागेत फिरून तोडतात आणि त्याची जगातल्या सर्वांत महागड्या गोड वाइनपैकी एक वाइन करतात. शातो दीकेम या बागेत एका वेलीमागं जेमतेम एक पेला निघतो. भिंतीवर त्या सडक्या घडाचं, देवाच्या तसबिरीला करावी तशी सोनेरी चौकट केलेलं, मोठं छायाचित्र होतं. अवकाळीत घडकूज झाली म्हणून असाच माल ज्यांनी पाटीपाटीनं बांधावर ओतला आहे, ते दाजी त्या तसबिरीपुढं हात मागं बांधून उभे होते.

तिथंच वाटाड्या बाईंनी विक्रीची रीत सांगितली. बोर्डोतल्या मोठ्या बागांचा माल पिंपात असतानाच विकला जातो. सुगी झाली, की पुढच्या वसंतात व्यापारी येतात, अर्धीकच्ची वाइन चाखतात आणि पैसे भरतात; बाटली हातात पडते ती त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. दाजींनी भाचीकडून हे दोनदा म्हणवून घेतलं. आपल्याकडं व्यापारी माल आज नेतो. निम्मे पैसे देतो, निम्म्याचा वायदा करतो आणि पुढं त्याचा फोन लागत नाही. म्हणजे दोन वर्षांचा काळ दोन्हीकडं सारखाच. थांबणारा माणूस फक्त वेगळा.

"आधी पैसे, मग माल?" दाजींनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. बाई म्हणाल्या, हो, आधी पैसे.

"सगळे?"

"सगळे."

दाजींनी खिशातून छोटी वही काढली, पेन भाचीच्या हातात दिलं. "त्या व्यापाऱ्याचा नंबर लिहून घे. म्हणावं, फेब्रुवारीत एकदा वैरागकडं चक्कर टाका. अन् हे बी सांग, म्हणावं माळकरी माणूस हाय, वजनात फसवणार न्हाई."